घराची झडती आणि आपला हक्क : एक इतिहास



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायची ठरली आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला सांगितले, "दादा, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा." इतिहास म्हटला की आपल्यासमोर चवदार तळे येते, काळाराम मंदिर येते, १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी येते. त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि माझ्यापेक्षा जाणत्यांनी लिहिले आहे. मी मात्र आज एका लहानशा जागेचा इतिहास सांगणार आहे. ती जागा म्हणजे आपल्या घराचा उंबरठा. तो ओलांडून पोलीस आत येतात तेव्हा काय होते, काय व्हायला पाहिजे, आणि या बाबतीत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्यासाठी काय करून ठेवले, हा तो इतिहास आहे.

एक शिलाई मशीन

१९७७ सालची गोष्ट. मी तेव्हा शाळेत होतो. वडील गिरणीत पाळीवर जात. आई घरात शिलाई मशीनवर वस्तीतल्या बायकांचे ब्लाऊज, पोरांच्या चड्ड्या शिवायची. मशीन जुन्या बाजारातून घेतलेली होती, पैसे हप्त्याहप्त्याने फेडलेले होते, आणि पावती बिवती काही नव्हती. जुन्या बाजारात पावती कोण देतो?

एके दिवशी भल्या पहाटे दारावर काठी वाजली. जवळच्या कुठल्या तरी कारखान्यातून माल चोरीला गेला होता म्हणे, आणि चोरी झाली की आधी आमची वस्ती, हा तर नेमच होता. चार शिपाई आणि एक हवालदार आत शिरले. पत्र्याची ट्रंक उपडी केली, धान्याचे डबे ओतले, भिंतीवरची तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर काढून मागे काही लपवलंय का ते पाहिले. चोरीचा माल निघाला नाही. जाताना हवालदाराची नजर मशीनवर गेली. "ही कुणाची?" "माझी," आई म्हणाली. "पावती दाखव." पावती नव्हती. मशीन गेली.

पंच कोणी नव्हते, यादी केली नाही, कागदाचा एक कपटासुद्धा हातात दिला नाही. वडील चार वेळा चौकीवर जाऊन आले. पाचव्या वेळेला त्यांना उत्तर मिळाले, "कसली मशीन? तुमच्या घरातून काही आणल्याची इथे नोंदच नाही." आणि खरेच नोंद नव्हती. जी वस्तू नेल्याचा कागदच नाही, ती परत मागायची तरी कुणाकडे? आईने पुढे कितीतरी वर्षे हातानेच सुई चालवली.

पुढे मी कोर्टात कारकुनीला लागलो. तिथे जुनी कायद्याची पुस्तके चाळताना एक दिवस माझ्या अंगावर काटा आला. झडतीत सापडलेल्या वस्तूंची यादी करायची, त्यावर दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि त्या यादीची नक्कल घरमालकाला द्यायची, हा नियम इंग्रजांच्या १८९८ सालच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतसुद्धा लिहिलेला होता! म्हणजे आमची मशीन गेली तेव्हा तो नियम एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा झालेला होता. तो नियम माझ्या आईला ठाऊक नव्हता, वडिलांना नव्हता, अख्ख्या वस्तीत कुणालाच नव्हता. हक्क कागदावर होता, आणि मशीन पोलिसाच्या खांद्यावर होती.

इंग्रजाचे घर आणि आपले घर

हे नियम मुळात आले कुठून? इंग्लंडमध्ये १७६२ साली राजाच्या माणसांनी जॉन एंटिक नावाच्या लेखकाचे घर फोडले, चार तास उलथापालथ केली आणि त्याचे कागद उचलून नेले. त्याने सरकारविरुद्ध लिखाण केले असा संशय होता. एंटिकने दावा लावला. १७६५ साली न्यायमूर्ती कॅम्डेन यांनी निकाल दिला की मंत्र्याने हुकूम दिला म्हणून कुणाच्या घरात शिरता येत नाही. तसा अधिकार देणारा कायदा दाखवा, नाहीतर ती घुसखोरीच. पुढे १७९१ साली अमेरिकेने आपल्या राज्यघटनेत चौथी दुरुस्ती करून लोकांचे घर, अंग, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण दिले.

तेच इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी इथे नियम तर आणले, पण सगळ्यांना सारखे लावले नाहीत. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यात पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींची माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरली. त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. अशा माणसाला घराचा उंबरठा असतो हेच सरकारला मान्य नव्हते. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. तोवर देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे झाली होती.

आणि आपला महार समाज? आपल्याला तर वतनदारीत सरकारचे गडी करून ठेवले होते. गावची राखण करायची, सरकारी कागद आणि वसूल पोहोचवायचा, चोरी झाली की चोराचा माग काढायचा, ही सगळी कामे महाराची. म्हणजे झडतीला जाणाऱ्या पाटलाच्या पुढे चालणारा महार, आणि चोर सापडला नाही की संशयाचे बोटही महारवाड्याकडेच! १८९८ च्या कायद्यात झडतीच्या वेळी त्या ठिकाणचे दोन 'प्रतिष्ठित रहिवासी' साक्षीला घ्यावेत असे लिहिले होते. गावात प्रतिष्ठित म्हणजे कोण, हे काही पुस्तकात पाहायला नको. पाटील प्रतिष्ठित, सावकार प्रतिष्ठित. महारवाड्यातल्या माणसाला प्रतिष्ठित म्हणणारा फौजदार कुठे असायचा? हे वतनाचे जोखड उतरवायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले, आणि प्रत्यक्षात ही कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने गेली.

बाबासाहेब आणि घराचा उंबरठा

आता या इतिहासातल्या त्या पानाकडे येऊ, जे आपल्या घरोघरी माहीत व्हायला पाहिजे.

१९४७ साली संविधान सभेचे काम सुरू असताना बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने एक निवेदन तयार केले. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यातला शेतीच्या राष्ट्रीयीकरणाचा भाग आपले वक्ते भाषणात सांगतात. पण त्याच निवेदनात मूलभूत हक्कांच्या यादीत बाबासाहेबांनी एक कलम घातले आहे, त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. लोकांचे अंग, घर, कागदपत्रे आणि मालमत्ता अवाजवी झडती व जप्तीपासून सुरक्षित राहील आणि सबळ कारण असल्याशिवाय वॉरंट निघणार नाही, असा त्याचा आशय आहे. अमेरिकेत शिकलेल्या बाबासाहेबांनी तिथल्या घटनेतला हा हक्क नेमका उचलला. का उचलला असेल? मला वाटते, झडती कुणाच्या घराची होते आणि कुणाच्या घराची होत नाही, हे ज्याने गावकुसाबाहेरचे जिणे पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

मूलभूत हक्कांच्या उपसमितीत हा हक्क मसुद्यात आलाही. पण बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या मोठ्या कायदेपंडितांनी हरकत घेतली. प्रत्येक झडतीला कोर्टाचा हुकूम लागला तर पोलिसांचा तपास अडेल, असे त्यांचे म्हणणे. सल्लागार समितीपर्यंत येता येता हे कलम गळाले.

तरी गोष्ट संपली नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी हाच हक्क घालण्यासाठी दुरुस्ती मांडली. तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष होते बाबासाहेब. ते उठले आणि त्यांनी ही दुरुस्ती स्वीकारायची तयारी सांगितली. त्यांचा मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. ते म्हणाले, यात नवीन काही नाही, हे फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच. पण साधा कायदा उद्याचे कायदेमंडळ बदलू शकते, काढूनही टाकू शकते. माणसाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने ही गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेली बरी.

बंधुभगिनींनो, हे वाक्य नीट ध्यानात घ्या. बाबासाहेबांना ठाऊक होते की कायदा आहे. तरी त्यांना तो घटनेत हवा होता. कारण आज आहे ते उद्या राहीलच असे नाही. पण सभागृहात एकमत झाले नाही, मतदान पुढे ढकलले गेले आणि शेवटी ती दुरुस्ती फेटाळली गेली. मसुदा समितीच्या अध्यक्षाला पसंत असलेली गोष्टसुद्धा सभागृहाने नाकारली. बाबासाहेबांनी जे जे मागितले ते ते घटनेत आले, असे आपण भाबडेपणाने समजतो. तसे नाही. पुष्कळ लढाया ते हरले, आणि हरल्यावर दुसऱ्या दाराने आत आले.

ते दुसरे दार म्हणजे कलम २२. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत एक नवे कलम मांडले. अटक केली तर कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करा. झडतीचे कलम गेले, पण अटकेपासूनचे हे संरक्षण घटनेत कायमचे बसले. आज आपला एखादा पोरगा चौकीवर नेला जातो आणि आपण "चोवीस तास" म्हणतो, तेव्हा ते चोवीस तास कुणी लिहिले हे विसरू नये.

सत्तर वर्षांनी परत आलेला हक्क

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९५४ साली एका मोठ्या कंपनीच्या कागदपत्रांच्या झडतीचे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. एम. पी. शर्मा खटला म्हणून ते ओळखले जाते. आठ न्यायमूर्तींनी सांगितले की अमेरिकेसारखा हक्क आपल्या घटनाकारांनी घटनेत घातलेला नाही, तेव्हा तो ओढूनताणून आणता येणार नाही. ज्या एका घटनाकाराला तो हक्क घालायचा होता, तो तेव्हा हयात होता!

१९६२ साली खरक सिंग खटला झाला. उत्तर प्रदेशातल्या या माणसावर दरोड्याचा आरोप होता, तो पुराव्याअभावी सुटला, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या घरी जाऊन दार ठोठावत. कोर्टाने सांगितले, पोलिसांच्या नियमावलीवर अशी रात्रीची घरभेट घेता येणार नाही, ती घटनेविरुद्ध आहे. बाकी पाळत ठेवायला मात्र बहुमताने मोकळीक राहिली. एवढेच काय ते मिळाले, पण ज्याच्या दारावर रात्री काठी वाजली आहे त्याला यातले मोल कळेल.

आणि मग २४ ऑगस्ट २०१७. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या संदर्भात केलेल्या याचिकेत सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने निकाल दिला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तसा हक्क घटनेत नाही, हे १९५४ च्या निकालातले म्हणणे त्यांनी पुसून टाकले. संविधान सभेतल्या त्या जुन्या चर्चेचाही त्या निकालात ऊहापोह झाला. १९४७ साली बाबासाहेबांनी निवेदनात लिहिलेली गोष्ट सत्तर वर्षांनी अशा रीतीने घटनेत आपल्या जागेवर येऊन बसली. घराचा उंबरठा हा घटनेचा विषय आहे, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

आज कायदा काय सांगतो

आता रोजच्या व्यवहाराकडे वळू. १८९८ ची संहिता जाऊन १९७३ ची आली आणि ती १ एप्रिल १९७४ पासून चालू झाली. १ जुलै २०२४ पासून तिच्याही जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले, गाभा बराचसा तोच राहिला. काही ठिकाणी तो अधिक चांगला झाला आहे.

पहिली गोष्ट वॉरंटची. आपल्याकडे एक गैरसमज आहे की वॉरंट नसेल तर पोलिसाला आत घेऊच नये. हे खरे नाही. कोर्टाचे सर्च वॉरंट असते, पण तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला घाईच्या प्रसंगी वॉरंटशिवायही झडती घेता येते. त्याला जुने कलम १६५ होते, आता १८५ आहे. मात्र त्यासाठी अट आहे. झडती का हवी आणि कोणती वस्तू शोधायची आहे, हे त्याने आधी लिहून ठेवले पाहिजे. ती नोंद अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे, आणि घरमालकाने अर्ज केला तर तिची नक्कल मॅजिस्ट्रेटकडून फुकट मिळते. म्हणून दारात भांडण करू नका. शांतपणे विचारा, "साहेब, वॉरंट आहे का? नसेल तर कोणत्या गुन्ह्याच्या तपासात आलात? काय शोधायचे आहे?" साहेबांचे नाव आणि ठाणे लिहून घ्या. आडवे पडलात, धक्काबुक्की केली, तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा नवा गुन्हा अंगाला चिकटतो, आणि खरा मुद्दा राहतो बाजूला.

दुसरी गोष्ट पंचांची. झडती सुरू होण्यापूर्वी त्या भागातले दोन किंवा अधिक पंच बोलवावे लागतात. १८९८ च्या कायद्यात ते फक्त 'प्रतिष्ठित' असावेत असे होते. १९७३ साली त्यात 'स्वतंत्र' हा शब्द घातला गेला. म्हणजे पोलिसांच्या हाताखालचा, नेहमीचा, चहाच्या टपरीवरून उचलून आणलेला ठरावीक पंच नको. आज कलम १०३ मध्ये तेच आहे. वस्तीतला माणूस मिळाला नाही किंवा तयार नसेल तरच दुसरीकडचा आणायचा. इथे आपल्याही पदरात थोडे माप घालून घेतले पाहिजे. शेजारच्या घरात झडती असली की आपण दारे लावून घेतो, "नको रे बाबा कोर्टाची भानगड" म्हणतो. मग पंच बाहेरचा येतो आणि काय लिहिले ते कुणालाच कळत नाही. लेखी बोलावले असता विनाकारण पंच व्हायला नाही म्हणणे हाही गुन्हा आहे, हे पुष्कळांना माहीत नाही. आणि पंच झाले म्हणजे कोर्टात जावेच लागते असे नाही, कोर्टाने खास समन्स काढले तरच जावे लागते. ज्या समाजाला कधी कुणी प्रतिष्ठित म्हटले नाही, त्या समाजातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आता पंच म्हणून पुढे यावे. डोळे उघडे ठेवावे, खरे तेच सांगावे, आणि कोऱ्या कागदावर काही झाले तरी सही करू नये.

तिसरी गोष्ट हजर राहण्याची आणि यादीची. घरमालकाला किंवा त्याच्या वतीने कुणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू दिलेच पाहिजे. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढून आत झडती, हा प्रकार कायद्यात नाही. कोणती वस्तू कुठे सापडली याची यादी तिथल्या तिथे करायची, पंचांनी सह्या करायच्या आणि तिची नक्कल घरमालकाला द्यायची. यातला एक फरक बघण्यासारखा आहे. १८९८ च्या कायद्यात ही नक्कल 'मागितल्यास' द्यायची होती. १९७३ साली तो शब्द काढून टाकला. आता मागा किंवा न मागा, नक्कल द्यायलाच पाहिजे. तरी माझे सांगणे आहे, मागाच! यादीत वस्तू ओळखू येईल असे लिहायला सांगा. नुसते 'एक मोबाईल' नको, कंपनी, रंग, नंबर पाहिजे. दागिना असेल तर वजन पाहिजे, रोख रक्कम असेल तर आकडा पाहिजे. काहीच सापडले नाही, तर 'काही मिळून आले नाही' असा पंचनामा व्हायला सांगा. तोही कागद मोलाचा आहे.

चौथी गोष्ट आपल्या आयाबहिणींची. स्त्रीच्या अंगाची झडती फक्त स्त्रीनेच घ्यायची, तीही सभ्यतेचे पूर्ण भान ठेवून. हा नियम जुन्या संहितेतही होता, आजही आहे. पडद्यात राहणारी स्त्री आत असेल तर तिला आधी बाजूला होण्याची संधी द्यावी लागते. अटकेबाबत तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करू नये असा नियम आहे. अगदीच अपवादात्मक कारण असेल तर स्त्री अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. लेडी पोलीस आली नसेल तर आपल्या बायकांनी घाबरून न जाता एवढेच म्हणावे, "बाईमाणूस बोलवा, मग घ्या झडती."

पाचवी गोष्ट नवी आहे, २०२४ पासूनची. झडती आणि जप्तीचे आवाजासह चित्रीकरण करणे आता कलम १०५ ने बंधनकारक केले आहे. यादी करणे, पंचांच्या सह्या होणे, हे सगळे त्यात आले पाहिजे आणि ते चित्रीकरण विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेले पाहिजे. मोबाईलवर केले तरी चालते. माझ्या आईच्या वेळी असे असते, तर मशीन खांद्यावर घेऊन जाणारा शिपाई त्या चित्रात दिसला असता.

सहावी गोष्ट वस्तू परत मिळण्याची. जप्त केलेल्या मालाचा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे जातो, आणि आपण मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून तो ताब्यात मागू शकतो. २००२ साली गुजरातच्या एका प्रकरणात, सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात, सुप्रीम कोर्टाने सांगितले की मुद्देमाल ठाण्यात विनाकारण सडत ठेवू नये. फार तर पंधरा दिवस ते एक महिना ठेवावा, फोटो आणि पंचनामा करून, बाँड घेऊन तो मालकाला द्यावा. रिक्षा, मोटारसायकल, मोबाईल, शिलाई मशीन, सगळ्याला हे लागू आहे. पण अर्ज करायला हातात यादी पाहिजे. गाडी फिरून फिरून त्याच कागदावर येते!

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. झडती बेकायदा झाली म्हणून सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. पूरणमल खटल्यात १९७३ साली सुप्रीम कोर्टाने तसे सांगितले आहे. तेव्हा "पंचनामा चुकला, आता केस उडाली" असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. नियम मोडल्याने पुराव्याचे वजन कमी होते, अधिकाऱ्याला जाब विचारता येतो, पण त्यासाठीही चूक त्याच वेळी नोंदवलेली पाहिजे. शिवाय दारूबंदी, अंमली पदार्थ यांचे कायदे वेगळे आहेत, त्यांचे झडतीचे नियम वेगळे आहेत. अशा वेळी ताबडतोब वकील गाठावा.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा आपल्या घरातला पहिला प्रश्न. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रीला, बालकाला आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. पगार किती, हे विचारत नाहीत. १९९० साली बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या यादीत झाला, तेव्हापासून धर्मांतरित म्हणून ही दारे बंद राहिलेली नाहीत. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचे ऑफिस असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. तो घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. तसेच कुणी आकसाने पोलिसांना खोटी खबर देऊन अनुसूचित जातीच्या माणसाच्या मागे त्रास लावला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तोही गुन्हा आहे.

धम्म आणि कायदा

हे सगळे विहाराच्या स्मरणिकेत कशाला, असे कुणाला वाटेल. आपण दर रविवारी पंचशील ग्रहण करतो. त्यातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. ते आपल्याला लागू आहे, म्हणून आपल्या घरात चोरीची वस्तू येता कामा नये, आणि आपल्या वस्तीत कुणी चोरटा धंदा करत असेल तर त्याला पाठीशी घालणे हाही धम्म नव्हे. पोलीस खऱ्या गुन्ह्याच्या तपासाला आले तर त्यांना मदतच केली पाहिजे. पण न दिलेले न घेणे हे सत्तेलाही लागू आहे. कायद्याने जेवढे घेता येते तेवढेच घ्यावे, आणि घेतले त्याची पोच द्यावी. भिक्षूसंघाच्या विनयातसुद्धा वादाचा निर्णय संबंधित माणसाच्या समोर, त्याच्या हजेरीत करायचा असा नियम आहे. त्याला संमुखविनय म्हणतात. घरमालकाला हजर ठेवून झडती घ्या असे आजचा कायदा सांगतो, तेव्हा तो त्याच रस्त्याने चालतो असे मला वाटते.

म्हणून या वर्धापनदिनाला माझी विहाराच्या मंडळाला विनंती आहे. वंदनेनंतर महिन्यातून एकदा अर्धा तास कायद्याचे वाचन ठेवावे. वस्तीतली पाच-सहा शिकलेली मुले-मुली आणि दोन-तीन जाणत्या बाया यांनी झडतीच्या वेळी पंच म्हणून उभे राहायची तयारी ठेवावी. प्रत्येक घराने एक फाईल करावी. तिच्यात फ्रिजची, गाडीची, मोबाईलची पावती, घराचा कागद, जातीचा दाखला ठेवावा. पावती नसेल तर वस्तूचा फोटो आणि तिच्यावरचा नंबर लिहून ठेवावा.

माझी आई शाळेत गेली नव्हती. शेवटच्या दिवसांत मी तिला एकदा ते जुने कलम मराठीत वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "एवढं लिवलं हुतं व्हय रं? मग आमाला कुणी सांगितलं का न्हाई?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बाबासाहेबांनी आपले काम केले होते. सांगायचे काम आपले होते, आणि ते आपण केले नव्हते. निदान यापुढे आपल्या वस्तीतल्या कुठल्या आईला हे विचारावे लागू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!